अमेरिकेतल्या राज्यांची आयकर वसुली वाचायची कशी?

वहीखाते (धागाकर्ता)

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत बेरोजगारीचा दर ३.४ टक्के होता, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांतला नीचांक. त्याच महिन्यात आयकर लावणाऱ्या बहुतेक राज्यांची वसुली मात्र आदल्या एप्रिलपेक्षा बरीच खाली आली. दोन्ही आकडे खरे होते आणि मंदीही आलेली नव्हती. २०२१ मध्ये एसअँडपी ५०० हा शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे २७ टक्के चढला, २०२२ मध्ये १९ टक्क्यांच्या आसपास पडला. २०२१ च्या भांडवली नफ्यावरचा कर लोकांनी एप्रिल २०२२ मध्ये भरला. पुढच्या एप्रिलला दाखवायला तेवढा नफाच उरला नव्हता.

राज्यांची आयकर वसुली हा फार उपयोगी निर्देशक आहे, पण एकूण आकडा पाहणाऱ्याला तो फसवतो. कारण बातमीत जो आकडा येतो तो चार वेगळ्या प्रवाहांची निव्वळ बेरीज असतो.

पहिला प्रवाह विथहोल्डिंगचा, म्हणजे मालकाने पगारातून कापून भरलेला कर. आपल्याकडच्या पगारावरच्या टीडीएससारखाच. हा वर्षभर येत राहतो आणि बहुतेक राज्यांत सगळ्यात मोठा हिस्सा याचाच असतो. दुसरा एस्टिमेटेड पेमेंटचा: धंदेवाईक, गुंतवणूकदार, भागीदारीतले लोक स्वतः अंदाज करून भरतात तो आगाऊ कर. संघराज्याच्या तारखा १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी; बरीच राज्यं त्याच पाळतात. कॅलिफोर्नियात मात्र हप्ते समान नाहीत. तिथे एप्रिलला ३० टक्के, जूनला ४०, सप्टेंबरला शून्य आणि जानेवारीला ३० टक्के भरायचे असतात, त्यामुळे तिथल्या सप्टेंबरची शेजारच्या राज्याशी तुलना करू नये. तिसरा प्रवाह विवरणपत्रासोबत भरलेल्या फरकाच्या रकमेचा, मुख्यतः एप्रिलमधला. चौथा रिफंडचा, हा वजा जातो.

आज लोकांना किती पगार मिळतोय हे फक्त पहिला प्रवाह सांगतो. दुसरा आणि तिसरा बहुतांशी शेअर बाजाराचं आणि गेल्या वर्षाचं सांगतात. रिफंड तर कर खात्याने अर्ज किती वेगाने हातावेगळे केले यावरही हलतात.

आकडे कुठे मिळतात: राज्यांची महसूल खाती किंवा कंट्रोलर दर महिन्याला छापतात. कॅलिफोर्नियाच्या वित्त विभागाचं मासिक बुलेटिन अंदाज आणि प्रत्यक्ष वसुली शेजारी शेजारी देतं, ते सुरुवातीला बघायला उत्तम. सगळ्या राज्यांचं एकत्र चित्र सेन्सस ब्यूरो तिमाहीने देतो, पण उशिरा येतं आणि त्यात विथहोल्डिंग वेगळं काढलेलं नसतं.

सह्यकडा

धाग्याबद्दल धन्यवाद. दोन शंका. एक, आयकर न लावणारी राज्यं बरीच आहेत, मग देशाचं चित्र कसं मिळणार? दोन, नोकऱ्यांचा अहवाल दर महिन्याला येतोच, मग हा खटाटोप कशासाठी?

वहीखाते

@सह्यकडा, देशाचं चित्र यातून काढायला जाऊच नये. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी, नेवाडा, साउथ डकोटा, वायोमिंग, अलास्का इथे पगारावर राज्याचा कर नाही. न्यू हॅम्पशायरचा फक्त व्याज-लाभांशावर होता, तो २०२५ पासून गेला. वॉशिंग्टनमध्ये २०२२ पासून मोठ्या भांडवली नफ्यावर कर आहे, पगारावर नाही. देशासाठी ट्रेझरीचं, म्हणजे केंद्राच्या अर्थखात्याचं, रोजचं निवेदन आहे. त्यात कापलेला आयकर आणि सोशल सिक्युरिटीसारखे रोजगार कर एकत्र असतात आणि राज्यवार फोड नसते. राज्याचा आकडा राज्यासाठी वाचावा.

दुसऱ्या शंकेचं उत्तर थोडं मोठं आहे. मासिक नोकऱ्यांचा आकडा हा आस्थापनांच्या नमुना पाहणीतून येतो. राज्य पातळीवर नमुना पातळ होतो आणि नंतर आकडे सुधारले जातात. मार्च २०२४ पर्यंतच्या वर्षासाठी देशभरातल्या नोकऱ्यांची प्राथमिक सुधारणा उणे ८ लाख १८ हजार होती, अंतिम उणे ५ लाख ९८ हजार. पूर्ण गणना म्हणजे बेरोजगारी विम्याच्या नोंदींवरून होणारी क्यूसीईडब्ल्यू. ती सुमारे ९५ टक्के नोकऱ्या धरते, पण तिमाही संपल्यावर पाच-सहा महिन्यांनी हातात येते. विथहोल्डिंग हा नमुना नाही, खात्यात जमा झालेला पैसा आहे, आणि महिना संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत कळतो. क्यूसीईडब्ल्यू येईपर्यंतची पोकळी भरायला राज्याकडे याहून चांगलं काही नसतं.

मर्यादा एकच, पण मोठी: विथहोल्डिंग म्हणजे नोकऱ्या गुणिले पगार. माणसं वाढली की पगार वाढले हे त्यातून कळत नाही.

तिथीवार

दिनदर्शिकेबद्दल सविस्तर लिहितो, कारण नवख्यांचे सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष तिथेच निघतात.

कापलेला कर मालकाने कधी भरायचा याचे नियम रकमेवर ठरतात. मधल्या आकाराच्या मालकांचा पगार बुधवार ते शुक्रवार झाला असेल तर कर पुढच्या बुधवारपर्यंत भरायचा, शनिवार ते मंगळवार झाला असेल तर पुढच्या शुक्रवारपर्यंत. ज्यांची संघराज्याच्या कराची देणी १ लाख डॉलरवर पोचतात त्यांना पुढच्याच कामकाजाच्या दिवशी भरावा लागतो. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांनी आपलं वेळापत्रक यालाच जोडलं आहे.

शुक्रवारचा पगार सगळ्यात जास्त चालतो. म्हणजे मोठ्यांचा पैसा सोमवारी येतो, मधल्यांचा बुधवारी. आता एप्रिल २०२४ आणि एप्रिल २०२५ शेजारी ठेवा. एप्रिल २०२४ मध्ये सोमवार पाच आणि बुधवार चार. एप्रिल २०२५ मध्ये सोमवार चार आणि बुधवार पाच. मालकांचा आकार जसा असेल तसा हा महिना एका राज्यात फुगलेला दिसेल, दुसऱ्यात आक्रसलेला, आणि पगारात काडीचाही फरक नसेल. मे महिन्यात पुन्हा वेगळं: २०२४ मध्ये बुधवार पाच, २०२५ मध्ये चार.

भरीला सुट्ट्या असतात. महिनाअखेरीला शनिवार-रविवार आला किंवा लगेच लेबर डे आला की दोन-तीन दिवसांची वसुली पुढच्या महिन्यात जाते. दर पंधरवड्याला पगार देणाऱ्यांच्या बाबतीत वर्षातले दोन महिने तीन पगारांचे असतात आणि ते दर वर्षी त्याच महिन्यांत पडत नाहीत.

म्हणून एका महिन्याची मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करायचीच नाही. निदान तीन महिन्यांची बेरीज घ्या. रोजची वसुली मिळत असेल तर महिने सोडून द्या आणि सारखे वार असलेले सलग आठवडे जुळवा: यंदाचे १३ आठवडे, गेल्या वर्षीचे तेच १३ आठवडे.

पायरीपायरीने

+१. यात कायद्यातले बदल वजा करण्याची पायरी जोडतो. गेल्या काही वर्षांत खूप राज्यांनी दर उतरवले आहेत. ॲरिझोना २०२३ पासून सरसकट २.५ टक्क्यांवर आलं, आयोवा २०२५ पासून ३.८ वर. नॉर्थ कॅरोलायना २०२४ मध्ये ४.५ होतं, २०२५ मध्ये ४.२५. अशा ठिकाणी वसुली घटली तर पगार घटले असं म्हणता येत नाही.

हिशेब सोपा आहे. मागच्या वर्षीच्या आकड्याला नव्या दराने गुणा, जुन्या दराने भागा, मग तुलना करा. नॉर्थ कॅरोलायनाचं विथहोल्डिंग दोन्ही वर्षी समजा अगदी सारखं, १०० आलं. ४.५ भागिले ४.२५ म्हणजे १.०५९. याचा अर्थ ज्या पगारावर कर बसला तो जवळपास ५.९ टक्के वाढला.

करकोष्टक

@पायरीपायरीने, पद्धत बरोबर आहे, दर चुकीचा घेतला आहे. नॉर्थ कॅरोलायनात पगारातून कापायचा दर हा करदरापेक्षा ०.१ टक्का जास्त असतो, कमी कापलं जाऊ नये म्हणून. २०२४ ला ४.६ आणि २०२५ ला ४.३५. तेव्हा गुणोत्तर १.०५७ येतं. फरक इथे लहान आहे, पण नियम लक्षात ठेवा: विथहोल्डिंगला कायद्यातला दर लावायचा नाही, मालकांना पाठवलेल्या कोष्टकातला दर लावायचा. काही वेळा विधिमंडळ वर्षाच्या मध्यात दर बदलून तो जानेवारीपासून लागू धरतं आणि कोष्टक मात्र काही महिन्यांनी बदलतं. मधल्या काळात जास्त कापलेला कर पुढच्या वसंतात रिफंड म्हणून परत जातो. तेव्हा विथहोल्डिंग चांगलं दिसतं, रिफंड भयंकर दिसतो आणि अर्थव्यवस्था होती तिथेच असते.

चढत्या दरांच्या राज्यांत आणखी एक काळजी. कॅलिफोर्निया दर वर्षी महागाईनुसार कराचे टप्पे वर सरकवतं आणि नवं कोष्टक १ जानेवारीपासून लागतं. महागाई जास्त झालेल्या वर्षानंतरच्या जानेवारीत तेवढ्याच पगारावर कमी कर कापला जातो, म्हणून डिसेंबर ते जानेवारी हा सांधा ओलांडून वाढीचा दर काढू नका. शिवाय टप्पे चढते असल्यामुळे पगार १ टक्का वाढला की कर १ टक्क्याहून जास्त वाढतो. कॅलिफोर्नियातली ६ टक्के वाढ आणि सरसकट दराच्या इलिनॉयमधली ६ टक्के वाढ एका तागडीत घालता येत नाही.

खाडीपलीकडे

बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को परिसरात) राहणाऱ्या मराठी वाचकांना आरएसयू, म्हणजे पगाराचा भाग म्हणून कंपनी टप्प्याटप्प्याने देते ते शेअर, माहीत आहेतच, पण त्यांचा राज्याच्या आकड्यावर होणारा परिणाम कमी लोक ध्यानात घेतात. शेअर हातात पडतात त्या दिवशीच्या बाजारभावावर ते पगार धरले जातात. कॅलिफोर्नियात बोनस आणि स्टॉक ऑप्शनवर कापण्याचा सरसकट दर १०.२३ टक्के आहे, इतर पूरक वेतनावर ६.६ टक्के. एक हजार शेअर १०० डॉलर भावाने मिळाले तर १०,२३० डॉलर कर कापला जाईल. भाव २०० झाला की तेवढ्याच शेअरवर २०,४६०. नोकरी तीच, काम तेच, माणूस तोच.

म्हणजे वहीखाते यांनी ज्या प्रवाहाला बाजारापासून दूर मानलं आहे, त्यात कॅलिफोर्नियापुरता बाजार शिरलेला आहे. मोजक्या मोठ्या टेक कंपन्यांचे भाव वर गेले की राज्याचं विथहोल्डिंग वर जातं, आणि त्याच काळात राज्यातल्या नोकऱ्या थंड असू शकतात. यावर उपाय म्हणून शेअर वाटपाचे ठरलेले महिने वेगळे काढून उरलेले बघा. बहुतेक कंपन्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असं तिमाही चक्र पाळतात, तरी प्रत्येक कंपनीचं वेळापत्रक तिच्या जाहीर कागदपत्रांतून तपासून घ्या.

आणि नोकरकपातीत विथहोल्डिंग लगेच पडत नाही. आधी चढू शकतं! सेव्हरन्सच्या, म्हणजे काढून टाकताना कंपनी देते त्या रकमेवर कर कापला जातो. कॅलिफोर्नियात साठलेल्या रजेचे पैसे नोकरी सुटताना द्यावेच लागतात, त्यावरही कापला जातो. खरी घट दिसायला दोन-तीन महिने जातात.

न्यूयॉर्कमध्ये हेच काम वॉल स्ट्रीटचे बोनस करतात. डिसेंबर ते मार्च हे महिने वेगळे ठेवावे लागतात. ते बोनस सरलेल्या वर्षाच्या कमाईचे असतात, चालू तिमाहीचे नाहीत. रोजगार बघायचा असेल तर तिथे मे ते नोव्हेंबर.

हडसनकाठ

न्यू जर्सीचं काय? इथली असंख्य माणसं रोज नदी ओलांडून मॅनहॅटनला कामाला जातात.

वहीखाते

@हडसनकाठ, फार नेमका मुद्दा. पगारातून कापलेला कर आधी कामाच्या राज्याला जातो. न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कला काम करणाऱ्याचा कर न्यूयॉर्क घेतं आणि न्यू जर्सी त्याची वजावट देतं. त्यामुळे एडिसनमधल्या घरांत किती पगार येतो हे न्यू जर्सीच्या विथहोल्डिंगवरून कळत नाही. न्यू जर्सी आणि पेन्सिल्वेनिया यांच्यात मात्र परस्पर करार आहे, तिथे कर राहत्या राज्यालाच जातो.

घरून काम वाढल्यावर गुंता वाढला. न्यूयॉर्कचा नियम असा की कर्मचारी स्वतःच्या सोयीने घरून काम करत असेल तर तो न्यूयॉर्कमध्येच काम करतो असं धरायचं. मॅसॅच्युसेट्सने कोविडकाळात असाच तात्पुरता नियम केला तेव्हा न्यू हॅम्पशायर सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने २०२१ मध्ये दावा ऐकायलाच नकार दिला. २०२३ मध्ये न्यू जर्सीने प्रत्युत्तर म्हणून अशाच नियमाचा कायदा केला, पण तो असे नियम असलेल्या राज्यांच्या रहिवाशांनाच लागू आहे. २०१९ ते २०२३ अशी तुलना करताना न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांत पगार कुठे कमावला आणि कर कुठे दिसला हे वेगळं झालेलं आहे.

करकोष्टक

आता संघराज्याच्या कायद्याचा गोंधळ. २०१७ च्या करकायद्याने २०१८ पासून राज्य आणि स्थानिक करांची वजावट १०,००० डॉलरवर अडवली. लोकांनी जानेवारी २०१८ ला भरायचा चौथा हप्ता डिसेंबर २०१७ मध्येच भरला, जुन्या नियमात पूर्ण वजावट मिळावी म्हणून. एस्टिमेटेड पेमेंटचा तो डिसेंबर अफाट दिसला. डिसेंबर २०१८ मध्ये घाई करायचं कारणच उरलं नव्हतं, आणि शिवाय शेअर बाजार पडलेला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी आयकरात २.३ अब्ज डॉलरची तूट जाहीर केली, तीही देशात रोजगार वाढत असताना.

पुढे राज्यांनी पळवाट काढली. भागीदारी आणि एस कॉर्पोरेशननी (ज्यांच्या नफ्यावरचा कर एरवी मालक स्वतः भरतात अशा कंपन्यांनी) मालकांच्या वतीने संस्था म्हणूनच कर भरायचा आणि मालकांनी राज्याच्या आयकरात त्याचं क्रेडिट घ्यायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये आयआरएसने (संघराज्याच्या कर खात्याने) याला मान्यता देणारी सूचना काढली आणि एकामागून एक राज्यांनी तो आणला. कॅलिफोर्नियात हा कर २०२१ पासून ९.३ टक्के दराने आहे आणि जमा होतो कॉर्पोरेशन कराच्या रकान्यात. परिणाम असा की वैयक्तिक आयकर घटलेला दिसतो, कंपनी कर वाढलेला, आणि कमावणारी माणसं तीच असतात. २०२० च्या आधीची आणि नंतरची एस्टिमेटेड मालिका सलग जोडायची असेल तर हा कर मिळवूनच जोडा.

सह्यकडा

मुदतवाढीचा परिणाम किती मोठा असतो? २०२० मध्ये तारीख १५ जुलैवर गेली होती ते आठवतं.

तिथीवार

२०२० मध्ये पैसा नुसता सरकला नाही, वित्तीय वर्ष ओलांडून सरकला. ४६ राज्यांचं वित्तीय वर्ष १ जुलैला सुरू होतं. (न्यूयॉर्कचं १ एप्रिल, टेक्सासचं १ सप्टेंबर, अलाबामा आणि मिशिगनचं १ ऑक्टोबर.) एप्रिलचा पैसा जुलैत आला म्हणजे एक वर्ष कृत्रिमपणे कोसळलं आणि पुढचं कृत्रिमपणे उसळलं. २०२१ ला तारीख १७ मे होती, ती निदान त्याच वर्षात राहिली. पण मग एप्रिल २०२१ ची तुलना २०२० शीही करता येत नाही आणि २०२२ शीही नाही.

त्याहून वाईट झालं ते कॅलिफोर्नियात २०२३ ला. हिवाळी वादळांमुळे आयआरएसने ५८ पैकी ५५ काउंट्यांना एप्रिलच्या ऐवजी ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली, राज्यानेही तीच दिली. १६ ऑक्टोबर या शेवटच्या दिवशीच ती आणखी एका महिन्याने, १६ नोव्हेंबरपर्यंत वाढली. जूनमध्ये अर्थसंकल्प मंजूर करताना विधिमंडळाकडे एप्रिलचा खरा आकडाच नव्हता, फक्त अंदाज होता. पैसा जमा झाल्यावर कळलं की २०२२ ची घसरण अंदाजापेक्षा खूप खोल होती. डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळाच्या विश्लेषक कार्यालयाने ६८ अब्ज डॉलरच्या तुटीचा अंदाज मांडला.

मला यातून दिसतं ते असं: विथहोल्डिंगला मुदतवाढ लागू नव्हती, ते सगळं वर्ष वेळेवर येत होतं, आणि त्यातला अशक्तपणा तेव्हाच दिसत होता. ज्यांनी तो प्रवाह वेगळा ठेवला त्यांना नोव्हेंबरचा धक्का कमी बसला. २०२५ ला लॉस एंजेलिस काउंटीला आगींमुळे १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळाली, तिथेही हीच काळजी.

इंद्रायणीकाठी

महाराष्ट्रासाठी असं काही करता येईल का? व्यवसाय कर राज्य सरकारच घेतं ना?

पायरीपायरीने

@इंद्रायणीकाठी, नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार व्यवसाय करावर वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा आहे. महाराष्ट्रात ठरावीक रकमेहून जास्त पगार असलेल्याचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, पगार ३० हजार असो की ३ लाख. पगार दुप्पट झाला तरी वसुली तीच, म्हणून त्यातून फार तर नोंदणीकृत पगारदारांच्या संख्येचा कल दिसेल. केंद्राच्या प्रत्यक्ष कराची राज्यवार आकडेवारी निघते, पण मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्यांची देशभरातली कमाई त्यात महाराष्ट्राच्या नावावर चढते. महाराष्ट्राच्या मासिक हालचालीसाठी ती वापरू नये.

सह्यकडा

मग शिकायला सुरुवात कुठल्या राज्यापासून करावी?

वहीखाते

पेन्सिल्वेनिया. दर सरसकट ३.०७ टक्के, २००४ पासून तोच. प्रमाणित वजावट नाही, वैयक्तिक सूट नाही, कर्मचाऱ्याने ४०१(के) या निवृत्ती बचत योजनेत घातलेली रक्कमही करातून सुटत नाही. महसूल खातं दर महिन्याच्या आकड्यात पगारातून कापलेला आणि बाकीचा आयकर वेगळा दाखवतं. म्हणून उलटा हिशेब थेट जमतो: कापलेला कर १ अब्ज डॉलर असेल तर भागिले ०.०३०७, म्हणजे सुमारे ३२.६ अब्ज डॉलरचा पगार. सलग तीन महिन्यांची बेरीज घ्या, गेल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडा, महागाई वजा करा आणि क्यूसीईडब्ल्यूच्या पगाराची तिमाही रक्कम आली की शेजारी लिहा.

दोन गोष्टी सांभाळा. न्यू जर्सी, ओहायो, मेरीलँड, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि इंडियाना या सहा राज्यांशी परस्पर करार असल्याने तिथे कामाला जाणाऱ्या पेन्सिल्वेनियाकरांचा कर इथे येतो, आणि तिथून इथे येणाऱ्यांचा येत नाही. क्यूसीईडब्ल्यू मात्र कामाच्या जागेवर मोजतं. म्हणून दोन्ही रकमा तंतोतंत जुळणार नाहीत, त्यांच्या वाढीचे दर जुळायला हवेत. सलग दोन तिमाही दर फाकले तर आधी दिनदर्शिका तपासा, मग एखाद्या मोठ्या मालकाने भरण्याचं वेळापत्रक बदललं का ते पाहा, आणि त्यानंतरच अर्थव्यवस्थेबद्दल लिहा.